शेजारचे लोणचे

(माणसे एक गाव सोडून दुसऱ्या गावी, एक देश सोडून दुसऱ्या देशात राहायला जातात. जाताना ती आपली भाषा आणि आपले पदार्थ बरोबर नेतात. नव्या ठिकाणी त्या पदार्थांचे काय होते? कतार देशातील लुसैल या शहरात राहणाऱ्या एका मराठी मुलीने आपल्या घरातली हकिकत या पाठात सांगितली आहे.)

मे महिना होता. आमची आजी रत्नागिरीहून पहिल्यांदाच आमच्याकडे आली होती.

आम्ही लुसैलला राहतो. लुसैल हे कतार देशातले शहर. राजधानी दोहाच्या उत्तरेला, समुद्राच्या काठी ते वसले आहे. लुसैल हे नाव येथे उगवणाऱ्या एका रानटी झुडपावरून पडले, असे सांगतात. माझे बाबा येथे विजेची कामे करणाऱ्या एका कंपनीत आहेत. मी तीन वर्षांची असताना आम्ही येथे आलो. माझा धाकटा भाऊ छोटू तर येथेच जन्मला.

आजी घरी आली आणि तिने बॅग उघडली. सगळ्या घरभर मोहरीचा आणि हिंगाचा वास पसरला. पण आजीचा चेहरा एकदम उतरला. बॅगेतली लोणच्याची बरणी फुटली होती! तेल कपड्यांवर सांडले होते. कैरीच्या फोडी पातळाला चिकटल्या होत्या. बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा तेवढा तसाच होता.

आईने एक फोड उचलली. आजी म्हणाली, “नको गो, चिनी मातीचे कण असतील त्यात. पोरांच्या पोटात जायला नकोत. टाकून दे सगळं.”

मग थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, “परसातल्या झाडाच्या कैऱ्या होत्या. तुझ्या सासऱ्यांनी लावलेलं झाड ते.”

त्या रात्री आजीने स्वतः कुळथाचे पिठले केले. मी आणि बाबांनी मिटक्या मारत खाल्ले. छोटूने मात्र ताट सरकवले.

“मला हे नको. मला मचबूस हवा,” तो म्हणाला.

“मचबूस म्हणजे काय रे?” आजीने विचारले.

“अगं, मचबूस म्हणजे मचबूस!” छोटू म्हणाला. आजी काहीच बोलली नाही.

रात्री मी आजीजवळ झोपले. खिडकीतून उंच उंच इमारतींचे दिवे दिसत होते. आजी म्हणाली, “तुमचं गाव छान आहे. पण बाळ, इथे आपलं असं काहीच नाही गो. नातवाला माझ्या हातचं रुचत नाही. उद्या तो माझी भाषा तरी बोलेल का?”

मला खूप वाईट वाटले. काय बोलावे ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर बाबा आम्हांला फिरायला घेऊन गेले. येथे मे महिन्यात दिवसा बाहेर पडवत नाही, इतके ऊन असते. रस्त्याच्या कडेला चहाचे एक छोटेसे दुकान होते. दुकानापुढे मोटारी उभ्या होत्या. पांढरा पायघोळ अंगरखा घातलेले एक कतारी गृहस्थ मोटारीत बसूनच चहा पीत होते. शेजारी कामावरून परतणारे नेपाळी, बांगलादेशी आणि भारतीय कामगार उभे होते. त्यांच्याही हातात तोच चहा होता. दुकानदार होता केरळचा.

बाबांनी सांगितले, “चार करक!”

आजीने कागदी पेल्यातला एक घोट घेतला. वेलदोड्याचा वास, घट्ट दूध, भरपूर साखर आणि चांगला उकळलेला चहा! तिचे डोळे चमकले.

“अरे, हा तर आपला कडक चहा!” ती म्हणाली.

बाबा हसले. “बरोबर ओळखलंस, आई. ‘कडक’चंच ‘करक’ झालं. आपल्यासारखा ‘ड’ अरबी माणसाच्या जिभेवर सहज येत नाही. भारतातून, पाकिस्तानातून आलेल्या कामगारांनी हा चहा इथे आणला. आता कतारी माणसालाही तो आपलाच वाटतो. पाहुण्याला आधी बिनदुधाची कॉफी देण्याची इथली जुनी रीत आहे. तिच्या जोडीला हा करक येऊन बसला.”

आजीने आजूबाजूला पाहिले. “किती देशांची माणसं आहेत इथे!” ती म्हणाली.

“कतारमध्ये सुमारे तीस लाख लोक राहतात,” बाबा म्हणाले. “त्यांतले दहांपैकी जवळजवळ नऊ जण बाहेरून आलेले आहेत. या इमारती, हे रस्ते त्यांनीच बांधले. लुसैलमध्ये मोठं फुटबॉलचं मैदान आहे ना? १८ डिसेंबर २०२२ या दिवशी विश्वचषकाचा अंतिम सामना तिथे झाला. ते मैदानही अशाच हातांनी उभं केलं. भर उन्हात फार कष्टाची कामं केली त्यांनी. संध्याकाळी थकून आल्यावर घोटभर चहा प्यावा, घरासारखं काही खावं, असं कोणाला वाटणार नाही? त्यातूनच अशी दुकानं निघाली.”

परत येताना बाबांनी आम्हांला जुन्या काळची गोष्ट सांगितली.

कतारमध्ये तेल सापडण्यापूर्वी येथील लोक समुद्रातून मोती काढत. उन्हाळ्यात पाणबुडे कित्येक महिने होड्यांवर राहत. दम रोखून ते समुद्राच्या तळाशी जात आणि शिंपले वर आणत. ते मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. मुंबईहून आणि मलबारहून शिडाची गलबते तांदूळ, चहा, मसाले, कापड आणि लाकूड घेऊन येत. इकडून खजूर आपल्याकडे जाई. १९६६ सालापर्यंत तर कतारमध्ये रुपयाच चालत असे. त्यासाठी भारताच्या रिझर्व्ह बँकेने १९५९ साली आखातातील देशांकरता वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या.

“कतारच्या वाळूत भात पिकत नाही,” बाबा म्हणाले. “तांदूळ समुद्रापलीकडूनच यायचा. पण इथले लोक बोलीभाषेत भाताला काय म्हणतात, ठाऊक आहे? ‘ऐश’! ऐश म्हणजे जगणं. परदेशातून आलेलं धान्य त्यांचं जगणंच होऊन बसलं. इजिप्तमध्ये हाच शब्द रोटीला वापरतात.”

“आणि मचबूस?” मी विचारले.

“मचबूस म्हणजे मसाल्याचा भात. त्यात मटण, कोंबडी किंवा मासे घालतात. आपल्याकडच्या बिर्याणीचा भाऊच म्हण ना. दालचिनी, लवंग, वेलदोडे सगळे आपल्या बिर्याणीसारखेच. पण त्यात लूमी घालतात, ती मात्र इकडची. लूमी म्हणजे मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात खडखडीत वाळवलेलं लिंबू.”

आजी सगळे ऐकत होती. पण लोणच्याची आठवण काही तिच्या मनातून जात नव्हती.

आमच्या शेजारी इराकमधले एक कुटुंब राहते. त्या घरातली मुलगी माझी मैत्रीण आहे. आम्ही रोज एकत्र खेळतो. तिची आजी बसरा शहरातली आहे. इराकमध्ये आजीला ‘बीबी’ म्हणतात. म्हणून आम्हीही त्यांना बीबीच म्हणतो. खेळता खेळता मी मैत्रिणीला फुटलेल्या बरणीची गोष्ट सांगितली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दाराची घंटा वाजली. दारात बीबी उभ्या होत्या. त्यांच्या हातात काचेची एक बरणी होती. बरणीत पिवळे धमक काहीतरी होते.

आजी पुढे झाली. दोघी एकमेकींकडे पाहून नुसत्याच हसल्या. आजीला अरबी येत नव्हते. बीबींना मराठी येत नव्हते. मग बीबींनी बरणी पुढे केली आणि त्या म्हणाल्या, “अंबा.”

आजी चमकली. “काय म्हणालात? आंबा?”

“अंबा! अंबा!” बीबी बरणीवर बोट ठेवून म्हणाल्या.

“अगो बाई, आंबाच की हा!” आजी म्हणाली. तिने बीबींना हाताला धरून आत आणले.

तो खरोखरच आंबा होता. कैरीचे लोणचे! इराकमध्ये त्याला ‘अंबा’ म्हणतात. हा आपलाच ‘आंबा’ शब्द. मुंबई आणि बसरा या बंदरांत पूर्वी मोठा व्यापार चाले. बगदादचे अनेक यहुदी व्यापारी मुंबईत येऊन राहिले होते. त्यांपैकी डेव्हिड ससून १८३२ साली मुंबईला आले. मुंबईचा ससून डॉक आणि पुण्याचे ससून रुग्णालय यांना याच घराण्याचे नाव आहे. अशा व्यापाऱ्यांकडून आंब्याचे लोणचे बोटीत बसून इराकला गेले, असे सांगतात. वस्तू गेली, तिच्याबरोबर शब्दही गेला.

आजीने बोटावर थोडे लोणचे घेऊन चाखले. “हळद आहे, मेथी आहे. आंबट छान झालंय. पण हिंग विसरली बाई!”

आम्ही सगळे हसलो. बाबा म्हणाले, “आई, हिंग तरी आपला कुठे? तो शेकडो वर्षं इराण-अफगाणिस्तानातून आपल्याकडे येतो. आणि तुझ्या लोणच्यातली मिरची? ती मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीज लोकांनी ती जहाजातून भारतात आणली. बटाटाही तसाच आला. पावही पोर्तुगीजांनीच आणला. आपल्या वडापावातला वडाही पाहुणा आणि पावही पाहुणा!”

आजी विचारात पडली. “मग आपलं असं काही उरलंच नाही म्हणायचं?”

बाबांना पटकन उत्तर सुचले नाही. तेवढ्यात बीबी काहीतरी बोलू लागल्या. माझ्या मैत्रिणीने ते मला इंग्रजीत सांगितले. मी ते आजीला मराठीत सांगितले.

“आजी, बीबी म्हणतात, त्यांच्या गावी लढाई झाली. त्यांना घर सोडावं लागलं. पुन्हा तिकडे जाता आलं नाही. घर राहिलं, बाग राहिली. येताना चव तेवढी बरोबर आणता आली. म्हणून त्या दर वर्षी अंबा करतात.”

आजी किती तरी वेळ बीबींचा हात हातात धरून बसली. मग ती बाबांना म्हणाली, “झाड मूळचं कुठलं, ते असू दे. ज्यानं रोज पाणी घातलं, त्याचं ते झालं. मिरचीला आपल्या आया-आज्यांनी इतकी वर्षं कुटलं, वाटलं. ती आपली झाली. आणि हा आंबा आता यांचाही आहे.”

पुढच्या शुक्रवारी सुट्टी होती. बाबांनी बाजारातून कैऱ्या आणल्या. त्या भारतातूनच आल्या होत्या. आमच्या स्वयंपाकघरात दोन लोणची झाली. बीबींनी कैरीच्या कापांना मीठ चोळून ते उन्हात ठेवले. वाळल्यावर त्यांना हळद, मेथी आणि व्हिनेगर लावले. आजीने फोडींना मोहरीची डाळ, तिखट, मीठ, मेथी आणि हिंग लावला. तेल कडकडीत तापवून, गार करून वर ओतले. दोन्ही बरण्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या. एक पिवळी, एक लाल.

बीबींनी आजीच्या डब्यातला हिंग हुंगून पाहिला आणि नाक मुरडले. आजीला खूप हसू आले. पण जाताना बीबी चिमूटभर हिंग पुडीत बांधून घेऊन गेल्या!

काही दिवसांनी आजीने आणलेली आमसुले संपली. आजी आमटी करत होती. आंबट काय घालावे, असा प्रश्न पडला. आईच्या डब्यात लूमी होती. आजीने एक लूमी फोडली, वास घेतला आणि आमटीत टाकली.

छोटू धावत स्वयंपाकघरात आला. “मचबूसचा वास येतोय!” तो ओरडला.

आजीने न बोलता त्याला भात वाढला. त्यावर आमटी वाढली. छोटूने एक घास घेतला. मग दुसरा घेतला. नंतर ताट पुढे करून तो म्हणाला, “आजी, अजून आमटी!”

आजीने पदराने डोळे पुसले. “फोडणीचा धूर गेला गो डोळ्यांत,” ती मला म्हणाली. पण फोडणी तर केव्हाच देऊन झाली होती.

ऑगस्टमध्ये आजी रत्नागिरीला परत गेली. जाताना तिच्या बॅगेत लूमीची एक पिशवी होती. बीबींनी दिलेली अंब्याची छोटी बरणीही होती. या वेळी आम्ही बरणी तीन टॉवेलांत गुंडाळली होती.

काल आजीचा फोन आला होता. ती म्हणाली, “शेजारच्या काकूंना माझी लूमीची आमटी फार आवडली. कुठून शिकलीस, म्हणून विचारत होत्या.”

छोटूने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. “आजी, आपला अंबा संपला! लवकर ये.”

“अंबा नाही रे बाळा, आंबा म्हण,” आजी म्हणाली.

“पण बीबी तर अंबा म्हणतात!”

आजी क्षणभर थांबली. मग हसत हसत म्हणाली, “बरं बाबा, दोन्ही म्हण. बरणी एकच आणीन.”

शब्दार्थ

हकिकत – घडलेली गोष्ट. पातळ – लुगडे, साडी. दादरा – बरणीच्या तोंडावर बांधायचे फडके. परसू – घरामागची बाग. पायघोळ – पायांपर्यंत पोहोचणारा. पाणबुडे – पाण्यात बुडी मारून तळाशी जाणारे लोक. गलबत – शिडाचे मोठे जहाज. आमसूल – कोकमाचे वाळवलेले साल.

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आजी कोणत्या गावाहून लुसैलला आली?
(आ) बरणी फुटल्याचे आजीला जास्त वाईट का वाटले?
(इ) ‘करक’ हा शब्द कोणत्या शब्दावरून आला?
(ई) कतारमधील लोक बोलीभाषेत भाताला काय म्हणतात?
(उ) लूमी कशी तयार करतात?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तेल सापडण्यापूर्वी कतारचा मुंबईशी कोणता व्यापार चालत असे?
(आ) बीबी दर वर्षी अंबा का करतात?
(इ) आजीच्या व बीबींच्या लोणच्यांत कोणता फरक होता?
(ई) छोटूने लूमीची आमटी आवडीने का खाल्ली?

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) “इथे आपलं असं काहीच नाही गो.”
(आ) “हिंग तरी आपला कुठे?”
(इ) “ज्यानं रोज पाणी घातलं, त्याचं ते झालं.”
(ई) “पण बीबी तर अंबा म्हणतात!”

प्र. ४. रिकाम्या जागा भरा.
(अ) लुसैल हे शहर ______ देशात आहे.
(आ) ______ सालापर्यंत कतारमध्ये रुपया चालत असे.
(इ) मिरची मूळची ______ आहे.
(ई) इराकमध्ये आजीला ______ म्हणतात.

प्र. ५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
चेहरा उतरणे, मिटक्या मारणे, नाक मुरडणे, विचारात पडणे.

प्र. ६. विचार करा व सांगा.
फोडणी केव्हाच देऊन झाली होती, तरी आजीने डोळे का पुसले?

उपक्रम

(१) आज तुमच्या घरी जो स्वयंपाक झाला, त्यातील जिन्नसांची यादी करा. त्यांपैकी कोणते जिन्नस बाहेरच्या देशांतून आपल्याकडे आले, ते गुरुजींच्या किंवा बाईंच्या मदतीने शोधा.
(२) तुमच्या गावात दुसऱ्या गावाहून किंवा राज्यातून राहायला आलेले एखादे कुटुंब असेल, तर त्यांच्या घरचा एक पदार्थ विचारून घ्या. त्याची कृती वहीत लिहा.
(३) जगाच्या नकाशात रत्नागिरी, मुंबई, दोहा आणि बसरा ही ठिकाणे शोधा. गलबते कोणत्या समुद्रातून जात असतील, ते बोट फिरवून दाखवा.